वाकड्या जागेतला ट्रॅक्टर

मी काय काम करते हे आमच्या गावात कोणालाच नीट माहीत नाही, आणि त्यात गावाची काही चूक नाही. मी वाकड्या जागांची भूमिती शिकवणारं सॉफ्टवेअर बनवते. कॉलेजातली मुलं ते उघडतात आणि आपल्या जगासारख्या साध्यासुध्या नसलेल्या जागांमध्ये फिरून येतात. एका जागेत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज एकशेऐंशीच्या वर जाते, दुसरीत खाली उतरते. कुठे समांतर निघालेल्या दोन रेषा पुढे जाऊन एकमेकींना भेटतात, तर कुठे लांब लांब जातात. पुस्तकात हे वाचलं की डोकं दुखतं. स्वतः आत शिरून चाललं की मजा येते.

वडिलांनी डेअरीवर दूध घालताना हे आपल्या पद्धतीनं सांगितलं. “पोरगी वाकडी भूमिती शिकवती.” रांगेतल्या एकानं विचारलं, “का वो? सरळ जमली न्हाई व्हय तिला?” वडील घरी येऊन त्याच्यावर नाही, माझ्यावर चिडले. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्या दिवसापासून मला रोज एकदा ऐकावी लागली. माझं अंगण खरंच वाकडं असतं आणि त्याचा मला पगार मिळतो, हे मी त्यांना सांगून बघितलं. पगार ऐकल्यावर ती म्हण एक दिवसाआड झाली.

माझं ऑफिस पुण्यात आहे. मी तिथे क्वचित जाते. बाकी काम श्रीगोंद्याजवळच्या आमच्या वस्तीवर, ओट्यावर खुर्ची टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन चालतं. आमचं घर आमच्या रानात, तात्यांचं घर त्यांच्या रानात, आणि मध्ये बांध. तात्या म्हणजे माझे चुलते. ते वडिलांना दादा म्हणतात, म्हणून लहानपणी मीही दादाच म्हणायला लागले आणि ते तसंच राहिलं.

वाटणी झाली तेव्हा ह्या बांधावरून बैलगाडी जायची, असं आई सांगते. मला आठवतो तो सायकल जाण्याइतका. अलीकडे त्यावर एक पाऊल मावायचं, दुसरं कुठे टाकायचं ह्याचा थांबून विचार करावा लागायचा. ऊस तुटून गेला की नांगरट येते, आणि नांगरताना कडेचा फाळ बांधाला लागतो. दादांचा फाळ चुकून लागतो, तात्यांचा मुद्दाम लागतो. तात्यांच्या घरी विचारलं तर बरोबर उलटं उत्तर मिळतं. सरकारी मोजणी आणायची धमकी दोघांनीही अनेकदा दिली होती, पण आणली कोणीच नाही. मोजणीवाला काय सांगेल ह्याची दोघांनाही सारखीच धास्ती होती.

काही वर्षांपूर्वी ह्या बांधावर अशी खडाजंगी झाली की रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर थांबून बघायला लागले. त्या संध्याकाळी दोघा भावांनी आपापल्या घरात एकच हुकूम सोडला. “त्यांच्या रानात पाय टाकायचा न्हाई.” दोघांनी आयुष्यात एकमेकांना न विचारता एकच गोष्ट ठरवली ती एवढीच. तेव्हापासून दोघं रस्त्यात समोरासमोर आले तरी पाठ फिरवून उभे राहायचे. मला मात्र कोणी अडवलं नाही. घरातली पोर म्हणून मला दोन्हीकडे चहा होता, आणि मी दोन्हीकडचा चहा पिऊन दोन्हीकडच्या बातम्या पोचवत होते.

हुकूम सोडला पुरुषांनी, पण तो भोगला आईनं आणि काकीनं. काकी म्हणजे तात्यांची बायको. ह्या दोघी जावा, पण सख्ख्या बहिणींहून जास्त भांडायच्या आणि सख्ख्या बहिणींहून जास्त एकमेकींच्या घरात असायच्या. उन्हाळ्यातलं सगळं वाळवण दोघी मिळून करायच्या. त्यातही कुरडया. ज्यांनी कुरडयांचा घाट घातलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, गव्हाचा चीक शिजवणं हे एकटीचं काम नाही. तो असा घट्ट होत जातो की एकीनं पातेलं दाबून धरायचं आणि दुसरीनं घोटायचं, घोटणारी दमली की जागा बदलायच्या. बंदी आल्यापासून आई पातेलं मला धरायला लावायची आणि मी ते कसं धरते ह्यावर दिवसभर बोलायची. तिकडे काकी तेच काम तात्यांकडून करून घ्यायची. त्या कुरडया कशा होत असतील ते मी बघितलं आहे, जास्त बोलत नाही.

ह्या वर्षी ऊस गेला आणि काकीनं मला चहा देता देता सांगितलं, की पाडवा झाला की ती पुण्याला जाणार. मुलाच्या घरी बाळ आलं होतं, सून नोकरीला जायची, बाळाला बघायला कोणीतरी हवं होतं. तात्याही रान वाट्यानं देऊन मागोमाग जाणार होते. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं हात थांबवला नाही, पण सूप माझ्याकडे सरकवलं आणि उठून न्हाणीघरात जाऊन बसली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

“ह्या साली कुरडया तिच्याबरूबर करायच्या,” ती म्हणाली. “एकदा. मग जाऊ दे तिला कुठं जायचं तिथं.”

“मी आहे ना पातेलं धरायला,” मी उगाच म्हणाले.

“मला पातेलं धरनारी नको,” आई म्हणाली, “मला ती पायजे.”

एवढं उघड मी तिला काही मागताना कधी ऐकलं नव्हतं. पण मागायचं कोणाकडे? दादांकडे तिनं दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा दादांना अचानक मोटर बघायला जायचं आठवलं. आमच्या भागात वीज कधी येते ते देवालाही ठाऊक नसतं, पण असला विषय निघाला की दादांना ती आलेली असते.

आता माझ्या ट्रॅक्टरकडे येते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वाकड्या जागेत फिरायला एक अंतराळयान होतं. आमच्या गटातल्या सगळ्यांना ते फार आवडायचं. मला ते यान चालवताना आपण कोणाच्या तरी इंग्रजी शाळेत आल्यासारखं वाटायचं. त्यातून आमच्याकडे नियम होता, की नवीन भाग तयार झाला की गणित न शिकलेल्या माणसाकडून तो तपासून घ्यायचा. माझ्याजवळ असा माणूस म्हणजे दादा. दादांना यान दिलं तर ते त्याला हातही लावणार नाहीत, म्हणून मी यानाच्या जागी ट्रॅक्टर बसवला, आकाशाच्या जागी उसाचं रान काढलं आणि कडेला एक बांध घातला. बांध घालताना माझ्या मनात काही नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

ती जागा कशी होती ते सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. शास्त्रशुद्ध बोलायचं तर ती वाकडी नव्हतीच, ती स्वतःलाच जोडलेली होती. पूर्वेच्या बांधापलीकडे गेलात की तुम्ही पश्चिमेकडून त्याच रानात शिरता. उत्तरेला गेलात की दक्षिणेतून परत. त्यामुळे बांधापलीकडे नजर टाकली की दुसरं रान दिसतं आणि त्यात दुसरा ट्रॅक्टर दिसतो. ते रान तुमचंच असतं आणि तो ट्रॅक्टरही तुमचाच. त्याच्यापलीकडे तिसरा, चौथा, असे न संपणारे ट्रॅक्टर दिसायला हवेत, पण मी त्यात पौषातल्या सकाळसारखं धुकं सोडलं, म्हणजे एकच शेजारी दिसेल. वर बसणाऱ्या माणसाला पांढरी टोपी घातली. आमच्या घरात दोन्ही भावांना पांढरी टोपी लागते.

दादा चष्मा लावून बसले. कळफलकावरची चार बटणं मी दाखवली. ट्रॅक्टर चालवायला त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती, एका फेरीत ते रमले. मग त्यांनी मान वळवून बांधापलीकडे बघितलं, आणि त्यांचा हात थांबला.

“ह्यो कोन?”

“कोण वाटतं?” मी विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. दादा पुढे झुकले, पडद्याच्या इतके जवळ की माझ्यावर त्यांच्या तंबाखूचा वास आला. “बघ, आला. बांधालाच चिकटून चालवतोय. मी थांबलो की थांबतो, मी निघालो की निघतो. लबाड हाय.”

“त्याचं तोंड दिसतंय का?”

“कुठलं दिसतंय! मी बघितलं की मान फिरवतो.” दादांनी दोन-तीनदा झटकन मान वळवून बघितली. मान फिरवली की त्यांची पडद्यातली टोपीही त्याच बाजूला फिरायची, आणि पलीकडची टोपीसुद्धा. कसंही केलं तरी त्या माणसाच्या मानेचा मागचा भागच दिसायचा. “असा मान फिरवनारा आपल्या घरात एकच हाय,” दादा म्हणाले. मी ओठ चावून बसले.

मग व्हायचं ते झालं. दादांनी एकदा दाराकडे बघितलं, आई आत होती. एकदा माझ्याकडे बघितलं, मी मोबाईलमध्ये तोंड खुपसलं. त्यांनी ट्रॅक्टर बांधाला लावला आणि फाळ हलकेच पलीकडे उतरवला. पडद्यावरसुद्धा तो फाळ चुकून लागला. पहिल्या फेरीत बांध कोरला, दुसरीत पलीकडचा ऊस आडवा होऊ लागला. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी माझ्या दहावीच्या निकालालाही बघितलं नव्हतं.

“वळवा आता,” मी म्हणाले. “पश्चिमेकडची कड बघून या.”

ते वळले. पश्चिमेच्या कडेचा त्यांचा स्वतःचा ऊस भुईसपाट झालेला होता.

 दादांनी पुन्हा पूर्वेला जाऊन आणखी एक सरी आडवी केली आणि धावत पश्चिमेला जाऊन बघितलं. तिथेही तेवढीच आडवी. माझ्या कामात इतका प्रामाणिक प्रयोग मी फार थोड्या विद्यार्थ्यांकडून झालेला बघितला आहे.

“तुझं सॉफ्टवेअर खोटं हाय,” ते म्हणाले.

मी समजावलं, की ह्या जागेत रान एकच आहे. पलीकडचा ट्रॅक्टर तुमचा, टोपी तुमची, बांध तोच आणि ऊसही तोच. ते ऐकताना त्यांची मान हळूहळू खाली गेली, आणि मला क्षणभर वाटलं की झालं, माणूस वितळला. कसला वितळतोय! त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि डोळ्यांत एक चमक आणून म्हणाले, “तुझ्या तात्याला न्हेऊन दाव. सांगू मात्र काय नको. बघू तर खरं, किती कोरतोय ते.”

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप काखेत मारून बांध ओलांडला. तात्या दादांपेक्षा धाकटे आणि दादांपेक्षा हुशार, असं स्वतः तात्या सांगतात. त्यांनी आधी सगळं रान फिरून बघितलं. बांधापलीकडचा टोपीवाला दिसल्यावर त्यांनी फाळ लावला नाही. ते ट्रॅक्टर घेऊन त्याच्या मागे लागले.

“तात्या, कुठे निघालात?”

“दादा हाय त्यो. तोंड बघायचंय मला त्याचं.”

ते बांध ओलांडून गेले, टोपीवाला तेवढाच पुढे गेला. त्यांनी वेग वाढवला, त्यानंही वाढवला. त्यांनी भोंगा वाजवला. (भोंगा मीच घातला होता, आमच्या गटातल्यांना तो आवडला नव्हता.) पुढची टोपी काही वळेना. तात्या पडद्याशी बोलायला लागले. सुरुवातीला शिवीगाळ होती. मग शिव्या कमी होत गेल्या आणि शेवटी नुसतंच, “आरं वळ की. आरं किती दिस पाठ फिरवून बसनार हायेस? वळ की आता.”

मी हसायला आले होते, पण माझ्याच्यानं हसवेना. काकी चुलीपुढून उठून दारात आली होती आणि पदरानं हात पुसत उभी होती.

“तात्या,” मी म्हणाले, “ते दादा नाहीत. ते तुम्हीच आहात.” आणि मी सगळं समजावून सांगितलं.

तात्या आधी लाल झाले, मग एकदम हसायला लागले. एवढे हसले की ठसका लागला आणि काकीला पाणी आणावं लागलं. पाणी पिऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दादानं काय केलं हुतं ह्यात?”

आता मी खरं सांगायला नको होतं. पण मला राहवलं नाही. “बांध कोरला,” मी म्हणाले. “आणि स्वतःचा ऊस आडवा केला. दोनदा. दुसऱ्यांदा खात्री करायला.”

तात्यांना ते ऐकून जो आनंद झाला त्याला तोड नव्हती. त्यांनी ते डेअरीवर सांगितलं, पानाच्या टपरीवर सांगितलं, सोसायटीत सांगितलं. अर्थात संध्याकाळपर्यंत दादांच्या कानावर आलं. दादांनी मला समोर बसवून विचारलं, की मग त्या शहाण्यानं काय केलं? मी तेही सांगून टाकलं. तोंड बघायला मागे लागले, भोंगा वाजवला, वळ की म्हणाले. दादांनी हे डेअरीवर सांगितलं नाही. ते बाहेर जाऊन मोटर बघून आले. मोटर बंदच होती.

इकडे बायकांचं काम सुरू झालं होतं. आई आणि काकीला एकमेकींच्या रानात पाय टाकायची बंदी होती, मोबाईलवर बोलायची नव्हती, कारण हुकूम सोडताना ते दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तरी त्या चोरून बोलायच्या, आई माझ्या फोनवरून, मी शेजारी पहाऱ्याला उभी राहून. त्या दिवशी काकी फोनवर म्हणाली, “आक्का, आपलेच दात आन् आपलेच ओठ, आनि हे दोघं बसल्यात चावत. आता नाक दाबल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई.”

“दाबायचं कसं?” आईनं विचारलं.

काकीनं सांगितलं. आई असली हसली की मला फोन तिच्या हातून पडेल अशी भीती वाटली.

पाडव्याआधीच्या एका सकाळी दादा दूध घालून आले तेव्हा घरात चूल नव्हती. आमची लोखंडी चूल, मोठं पातेलं, सोऱ्या आणि भिजवून, वाटून, रात्रभर ठेवलेला चीक, सगळं बांधावर गेलं होतं. आई बांधावर एक पाय ठेवून उभी होती, दुसरा आमच्या रानात. समोर काकी, तिचा एक पाय बांधावर, दुसरा त्यांच्या रानात. चूल मध्ये. चूल त्या बांधावर मावत नव्हती. दोन पाय बांधावर, तर उरलेले दोन हवेत, अशी ती डगमगत होती.

“हे काय चाललंय?” दादा ओरडले. तिकडून तात्याही धावत आले.

“तुमी म्हनालाय त्यांच्या रानात पाय टाकायचा न्हाई,” आई म्हणाली. “टाकलाय का?”

“आमी बी न्हाई टाकला,” काकी म्हणाली. “बांध काय कुना एकाचा न्हाई. आमी बांधावर बसनार. पन चूल बसायला जागा पुरंना. चीक थांबायचा न्हाई, आंबतोय. काय करायचं ते करा.”

दोघं भाऊ दोन्ही बाजूंना उभे. कोणीच कोणाकडे बघेना. मी ओट्यावरून खोरं आणलं आणि दादांच्या पायाशी टाकलं, तात्यांकडे त्यांचं स्वतःचं होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की हे आता एकमेकांच्या डोक्यात घालतात.

दादांनी खोरं उचललं. आपल्या रानातली माती ओढून बांधाच्या कडेला टाकली. अगदी थोडी, आईच्या चुलीचा एक पाय टेकेल एवढी. तात्यांनी बघितलं, आणि त्यांनीही तेवढीच टाकली. फार झालं तर एक खोरं जास्त, कारण धाकटा असला म्हणून मागे कोण राहणार? मग दादांनी दोन टाकली. मग तात्यांनी. हे काय चाललंय हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. ज्या ईर्ष्येनं ह्यांनी इतकी वर्षं बांध खाल्ला होता, त्याच ईर्ष्येनं ते आता तो परत ओकत होते.

“पुरं झालं,” दादा घाम पुसत म्हणाले.

“चूल बसली,” आई म्हणाली. “मी कुठं बसू?”

पुन्हा खोरी चालली. आई बसली, काकी बसली, मग काकी म्हणाली, की जाळ घालणारीला जागा नको का? मग पाटी ठेवायला. मग सोऱ्या ठेवायला. उन्हं वर आली तशी तात्यांनी सदरा काढला. मध्येच त्यांनी दोरी आणली, कारण कड वाकडी होतेय अशी त्यांना शंका आली, आणि दोरीचं टोक धरायला माणूस लागतो. मी पुढे झाले तर दादांनी मला हातानं मागे सारलं आणि ते टोक स्वतः धरलं. दोरी ताणली. एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला तात्या, मध्ये आख्खा बांध, आणि दोघांना एकमेकांकडे बघण्यावाचून गत्यंतर नाही, कारण दोरी सरळ आहे का हे बघायचं म्हणजे पलीकडच्या टोकाकडेच बघायला लागतं.

“सरळ हाय का?” तात्यांनी विचारलं. दादांना विचारलेला इतक्या वर्षांतला तो पहिला प्रश्न.

दादा दोरीवरून बघत राहिले, जरुरीपेक्षा जास्त वेळ. “हाय,” ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, “पन ही जागा आपलीच हाय ना? का तुझ्या लॅपटॉपातली?”

चीक शिजला. आईनं पातेलं धरलं, काकीनं घोटलं, मग जागा बदलल्या. त्या दोघी काय बोलत होत्या ते मला सांगता येणार नाही, कारण दोघी एकाच वेळी बोलत होत्या. आईच्या डोळ्यांत पाणी होतं, धूर म्हणायला जागा नव्हती, वारा तिच्या पाठीकडून होता. गरम चिकात दूध-साखर घालून तिनं सगळ्यांना वाट्या दिल्या. दादा आपल्या रानात उकिडवे बसून खात होते, तात्या आपल्या. कुरडया घालायला काकीनं प्लास्टिकचा कागद अंथरला तो निम्मा इकडे, निम्मा तिकडे. 

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर मी सॉफ्टवेअरची जाहिरात केली असती. पण पाडवा झाला आणि काकी पुण्याला गेली ती गेलीच. तिनं जाताना कुरडयांचा मोठा डबा आईकडे ठेवला आणि कुणाच्या वाट्याला किती ह्यावरून दोघी एस्टीच्या दारात अशा भांडल्या, की कंडक्टरनं बेल द्यायचं थांबवलं. पुढच्या महिन्यात तात्याही गेले. रान वाट्यानं एका तरण्या माणसाला दिलं. आई संध्याकाळी बांधावर जाऊन बसायची आणि काकीला फोन लावायची. घरात रेंज येत नाही, म्हणायची. मी घरात बसून पुण्याच्या लोकांशी पडद्यावर समोरासमोर बोलते हे तिला दिसत होतं. 

मृगाच्या आधी त्या वाटेकऱ्यानं तात्यांच्या रानात ट्रॅक्टर घातला. मी ओट्यावर काम करत होते, दादा शेजारी सुपारी कातरत होते. ट्रॅक्टर बांधाच्या कडेला आला आणि मी दादांकडे बघितलं. कडेचा फाळ बांधाला लागला, माती ढासळली. दादा अडकित्ता टाकून जे धावले, त्यांना इतकं धावताना मी लहानपणानंतर बघितलं नव्हतं. मीही मागोमाग पळाले.

“थांबव! ए, थांबव ते!”

वाटेकऱ्यानं ट्रॅक्टर थांबवला. तो गोंधळून गेला होता. “काय झालं काका? तुमच्या बाजूला कुठं आलोय? आमच्याच बाजूचा कोरला.”

“तिकडून बी कोरायचा न्हाई,” दादा म्हणाले. त्यांना दम लागला होता. “इकडून बी न्हाई. ह्या बांधाला हात लावायचा न्हाई.”

“अवो पन एवढा रुंद बांध ठेवून करायचं काय? जागा वाया चाललीय.”

दादांनी खाली वाकून ढासळलेली माती हातानं वर लोटली आणि पायानं दाबली.

“बाया बसत्यात हितं,” ते म्हणाले.

त्यानं मोकळ्या बांधाकडे इकडून तिकडे बघितलं. “कुठल्या बाया?”

“येत्याल,” दादा म्हणाले.